चाखणीची सही

मुलांनो, डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की कोणीतरी तुमच्या जिभेच्या टोकावर खळीचा एक थेंब ठेवला आहे. खळ म्हणजे पिठाची, कागद चिकटवायची. कोमट, बुळबुळीत. आधी वाटतं हिला चवच नाही, मग हळूच मागून कच्चं पीठ लागतं आणि जीभ टाळूला चिकटते. तोंड वाकडं करू नका. या घरातल्या माणसांनी दर घाण्याला, म्हणजे शिजून उतरलेल्या प्रत्येक खेपेला, ही खळ चाखली, आणि त्या चाखण्यावरच त्यांचा कारखाना उभा राहिला.

आता डोळे उघडा आणि कारखान्याच्या माडीवर, त्या लांब टेबलाशी येऊन बसा. खिडकीजवळच्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय आखूड आहे. रविवारची दुपार आहे. खाली वाफेची टाकी थंड पडलेली, डब्या भरायचा पट्टा थांबलेला. टेबलावर चहाचे कप आहेत आणि प्रत्येक कपात साय धरली आहे, कारण गेला तासभर कोणाला प्यायचं सुचलेलं नाही.

टेबलाच्या टोकाला आत्या बसली होती. वय एकाहत्तर, गुडघे त्याहून म्हातारे. भाऊ गेल्यापासून कारखाना त्याच्या दोन मुलांकडे होता. थोरला टाकी, कच्चा माल आणि कामगार बघायचा. धाकटा विक्री आणि जाहिराती. आत्याकडे एकच काम उरलं होतं, चाखणीचं.

ही चाखणी तिच्या वडिलांनी सुरू केली. ते आणि त्यांचा धाकटा भाऊ तेव्हा घरच्या पातेल्यात खळ शिजवून शाळांना विकायचे. एकदा एक शिक्षिका तणतणत आली, "तुमची खळ मुलं चाटतात! पोटात गेली तर जबाबदार कोण?" वडिलांनी काही न बोलता चमचा पातेल्यात बुडवला आणि तिच्यासमोर तोंडात घातला. त्या दिवसापासून घरच्या माणसाने चाखून वहीत तारीख घालून सही केल्याशिवाय एकही घाणा डबीत भरायचा नाही, असा शिरस्ता पडला. डबीवर चमच्याचं चित्र आलं आणि चित्राखाली ओळ आली: 'प्रत्येक घाणा घरच्या माणसाने चाखलेला.' आयांनी ती ओळ वाचली आणि चमचा छाप खळ घरोघरी गेली.

आत्याच्या शेजारी मुंगी बसली होती. थोरल्याची मुलगी, अकरा वर्षांची. लहानपणी कुठल्याही फटीतून आत शिरायची म्हणून मुंगी. मोठ्यांच्या बोलण्यातून तिला उठवून उठवून सगळे थकले होते, त्यामुळे आता कोणी उठवत नसे.

समोर वकीलबाई. गेले आठ महिने त्यांचं येणंजाणं इतकं वाढलं होतं, की दारातला कुत्रा त्यांच्यावर भुंकायचा थांबला होता.

"त्यांचं उत्तर आलंय," वकीलबाई म्हणाल्या. "बारा पानं. त्यातली अकरा आपल्याला पाठ आहेत."

'त्यांचं' म्हणजे पलीकडच्याचं. पलीकडचा म्हणजे आत्याचा चुलतभाऊ. पाच वर्षांपूर्वी वाटणी झाली आणि तो पुलापलीकडे गेला. तिथे त्याने स्वतःची खळ काढली. त्याच्या डबीवर दोन चमचे होते, आणि झाकणही इथल्यासारखं पिवळंच. वाटणीच्या कागदात जागा, टाक्या, हातगाड्या, इतकंच काय, भिंतीवरचं घड्याळही लिहिलेलं होतं. चमचा कोणाचा, हे लिहायचं कोणाला सुचलं नव्हतं. म्हणून हा दावा.

"आमचा एक चमचा, त्यांचे दोन," धाकटा म्हणाला. "चोरी केली ती केली, वर दुप्पट केली."

"कोर्ट चमचे मोजत बसत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "कोर्ट एवढंच बघतं, की घाईतली आई, काखेत पोर, हातात पिशवी, दुकानात पिवळं झाकण दिसलं की हात पुढे करते, ती फसेल का? माझ्या मते फसेल. आणि हल्ली नुसतं चित्र बघत नाहीत. झाकण, डबीचा आकार, अक्षरांची ठेवण, सगळा चेहरामोहरा मिळून खूण धरतात. तिथे आपलं बरं आहे."

"मग अडलंय कुठे?" थोरल्याने विचारलं. तो सकाळपासून डोळे चोळत होता.

"चित्रापाशी. जुना चमचा काढला कोणी?"

"चुलत आजोबांनी. पलीकडच्या काकांच्या वडिलांनी."

"म्हणजे त्याचा कॉपीराइट सांगायला ते मोकळे. म्हणून तुम्ही दोन वर्षांपूर्वी नवा चमचा काढून घेतलात. कोणाकडून?"

धाकट्याने खुर्ची पुढे ओढली. या गोष्टीचा त्याला अजून अभिमान होता. "कॉम्प्युटरकडून. एक ओळ टाइप केली, चाळीस चमचे आले. त्यातला हा निवडला."

"तीच पंचाईत आहे. माणसाने न काढलेल्या चित्राला मालक असतो का, यावर कोर्टं अजून डोकं खाजवतायत. जिथे निकाल लागलेत तिथे बहुतेक 'नाही'च म्हटलंय. म्हणजे जुना चमचा त्यांचा आणि नवा कोणाचाच नाही."

"पण निवडला मी!"

"दुकानातली टोपी निवडली म्हणून माणूस शिंपी होत नाही."

आत्याला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं म्हणून तिचं तिलाच नवल वाटलं, आणि लगेच ते ओसरलंही.

"आणि बारावं पान?" तिने विचारलं.

वकीलबाईंनी चष्मा पुसला. "त्यात ते म्हणतात की खोटी जाहिरात तुम्हीच करता. प्रत्येक घाणा घरचं माणूस चाखतं हे खरं नाही. आणि जो स्वतः गिऱ्हाइकाला फसवतो, त्याने दुसऱ्याच्या नावाने कोर्टात रडायला येऊ नये."

"रजिस्टर आहे आमच्याकडे!" थोरल्याने टेबलावर हात आपटला. सायीचे कप हलले. "एकही तारीख चुकलेली नाही. आत्याच्या सह्या आहेत."

"आणि जाहिरातीत थोडं मीठमिरची लावतोच की माणूस," धाकटा म्हणाला. "पलीकडचे काका स्वतः 'जगात भारी' असं छापतात. जग फिरून आलेत का ते?"

"'जगात भारी' ही फुशारकी झाली. तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही म्हणून ती चालते." वकीलबाईंनी टेबलावरची एक डबी उचलून ओळीवर बोट ठेवलं. "पण 'प्रत्येक घाणा' हे मोजता येतं. जे मोजता येतं ते खोटंही ठरवता येतं. आता तर आधी पुरावा हातात ठेवा आणि मग छापा, असा नियम कडक होत चाललाय. त्यातून माल लहान मुलांचा, म्हणजे दुप्पट कडक." त्यांनी एक कागद आत्यासमोर सरकवला. "हे प्रतिज्ञापत्र. उद्या सकाळी द्यायचंय. गेल्या दहा वर्षांतला प्रत्येक घाणा मी स्वतः चाखला, असं यात लिहिलंय. खरं असेल तर सही करा. खरं नसेल तर आत्ताच सांगा, माझ्यासमोर. उद्या त्यांच्या वकिलासमोर नको."

पेन आत्याच्या पुढ्यात येऊन पडलं. तिने ते उचललं नाही.

तिला सहा वर्षांपूर्वीची एक दुपार आठवत होती. घाणा वर आला, तिने चमचा तोंडात घातला आणि जिभेला कडू लागलं. तिने थोरल्याला विचारलं. तो म्हणाला, "अगं, बुरशी धरू नये म्हणून चिमूटभर औषध घालतोय. माल लांब जातो आता. काही होत नाही." ती "बरं" म्हणाली. तेव्हा वाटणीची बोलणी चालू होती. जेवायला बसलं की भांडण, उठलं की भांडण. आणखी एक भांडण उकरून काढायचं तिच्या जिवावर आलं. दुसऱ्या दिवशी चमचा आला तेव्हा तिने तो खिडकीत ठेवला आणि वहीत सही केली. तिसऱ्या दिवशीही तेच. मग ती सवयच झाली. दात घासण्यासारखी, फक्त उलटी.

"आत्या, तू नुसतं हो म्हण," थोरला म्हणाला. आवाज मऊ होता, म्हणजे त्याला आतून कळलं होतं. "बाकी आम्ही बघतो."

"काय बघणार तुम्ही?"

"अगं, वहीत सह्या आहेत, तुझं वय आहे. तुला कोण खोटं पाडणार?"

"मला कोणी पाडायला नको," आत्या म्हणाली. "सहा वर्षं झाली, मी चाखलेलं नाही. नुसत्या सह्या केल्या."

धाकटा हळूच म्हणाला, "झालं. कुंपणानेच शेत खाल्लं."

"ए, तोंड सांभाळ," थोरला त्याच्यावर उसळला.

"मी सांभाळू? डबीवरच्या ओळीवर मी धंदा करतो! पोस्टरं छापली, शाळाशाळांत जाऊन भाषणं दिली. आणि इथे माडीवर नुसता सह्यांचा कार्यक्रम! मला कोणी सांगितलं का?"

"तू कधी विचारलंस का?" हा आवाज थोरल्याच्या बायकोचा होता. डब्या भरणं आणि लेबलं लावणं हे सगळं तिच्या देखरेखीखाली चालायचं. बैठक सुरू झाल्यापासून ती भिंतीला टेकून उभी होती आणि एक शब्द बोलली नव्हती. "आत्याबाईंचे गुडघे गेले, जिभेवर फोड आले, महिनाभर अंथरुणात होत्या. तेव्हाही सह्या होत्याच. तुम्हा दोघांनाही दिसत होतं. विचारायचं नव्हतं म्हणून विचारलं नाही."

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. एरवी ती आत्याच्या बाजूने बोलत नसे. या दोघींचं गेल्या बारा वर्षांत जमलं ते फक्त लोणी कढवण्यावर, तेही दोनदाच. आत्यालाही ते नवीन होतं. तिने मान खाली घातली.

"पण मी चाखते," मुंगी म्हणाली.

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या.

"काय चाखतेस?" आईने विचारलं.

"खळ. आत्याआजी चमचा खिडकीत ठेवते ना, तो मी खाली नेते तेव्हा." मुंगीला सगळे असे का बघतायत ते कळेना. "कोणीतरी चाखायला हवं की नको? डबीवर लिहिलंय."

"कधीपासून?"

"मी चमचा आणायला लागले तेव्हापासून. चौथीपासून. आता सहावी."

आई भिंतीपासून सुटली आणि दोन ढांगांत तिच्यापर्यंत आली. तिने मुंगीची हनुवटी धरून तोंड वर केलं, जणू दोन वर्षांची खळ अजून आत दिसणार होती. "कडू नाही लागली तुला?"

"लागायची. मला वाटलं तशीच असते."

खिडकीतला तो चमचा पोर रोज उचलून न्यायची आणि ती इकडे वहीत शाई वाळायची वाट बघत बसायची. मागे वळून एकदा पाहिलं असतं तरी दिसलं असतं, हे आत्याला आता कळलं.

"थांबा, थांबा!" धाकटा उभाच राहिला. त्याचा चेहरा उजळला होता. "म्हणजे ओळ खरी आहे! घरचं माणूस, बरोबर? मुंगी घरचंच माणूस आहे. वकीलबाई, प्रतिज्ञापत्रात नाव बदला. आणि उद्या वर्तमानपत्रात फोटो: छोटी मुलगी, हातात चमचा. पलीकडच्या काकांचं तोंड बघण्यासारखं होईल!"

"तिचं नाव घेशील तर याद राख," थोरला म्हणाला.

"दादा, तूच म्हणत होतास काहीही करून जिंकायचं."

"ते आत्यावर होतं तोवर." हे तोंडातून गेलं आणि थोरल्याचे कान लाल झाले. त्याने आत्याकडे बघितलं. आत्याने हातानेच 'असू दे' म्हटलं. तिला राग आला नाही. रागाला अंगात जोर लागतो.

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं. "मुंगी, मला एक सांग. प्रत्येक घाणा चाखलास?"

मुंगीने विचार केला. "नाही. शाळा सुटल्यावर येतात तेच. सकाळचे नाही. आणि मला ताप आला तेव्हा पंधरा दिवस नाही."

"आणि सकाळच्यांना सह्या आहेत?"

मुंगीने आत्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे. "आहेत," ती म्हणाली.

"त्या औषधाचं पाकीट आहे का इथे?" वकीलबाईंनी विचारलं. थोरला उठून खाली गेला आणि रिकामं पाकीट घेऊन आला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं होतं. वकीलबाईंनी ते वाचलं, वाचून आत्याला दिलं, आत्याला बारीक दिसेना म्हणून आईने घेतलं आणि मोठ्याने वाचलं: "खाण्यासाठी नाही."

"मात्रा अगदी कमी असते गं," थोरला बायकोला म्हणाला. "तपासून घेतलीय. चिकटवायच्या खळीला चालते."

"चिकटवायच्या!" ती म्हणाली. "आणि वर काय छापलंय आपण? चाखलेली. मी स्वतःच्या हाताने लावलीत ती लेबलं!" तिने फोन उचलला आणि डॉक्टरला लावला. बाकीचे ऐकत राहिले. हो, जिभेच्या टोकावर. दोन वर्षं. नाही, पोटात दुखत नाही. हो, वजन वाढतंय. डॉक्टरने सांगितलं की एवढ्याशा मात्रेने काही होऊ नये, पण उद्या सकाळी पाकीट आणि पोर दोन्ही घेऊन या. फोन ठेवल्यावर ती मुंगीच्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि तिचा हात धरून ठेवला. मुंगीच्या तळव्याला घाम आला, तरी आईने तो सोडला नाही.

"मी यावर सही करत नाही," आत्या कागद मागे सरकवत म्हणाली. "मुंगीचं नावही येणार नाही. फोन द्या इकडे. पलीकडच्याशी मी बोलते."

"आत्या, वकिलांमार्फत—"

"वकीलबाई इथेच आहेत. ऐकतील."

आत्याला कमी ऐकू यायचं, म्हणून फोन टेबलाच्या मध्ये ठेवून मोठ्या आवाजावर लावला. पाच वर्षांत ती त्याच्याशी कोर्टाच्या आवारात दोनदा बोलली होती, दोन्ही वेळा उन्हाबद्दल.

"कोण?" पलीकडून आवाज आला. मागे भांडी वाजत होती.

"मी. तुझी ताई."

मग एक दार लावल्याचा आवाज. "बोल."

"बारावं पान वाचलं."

"माझ्या वकिलाने लिहिलंय ते."

"कोणीही लिहू दे. खरं आहे. मी सहा वर्षं चाखलेलं नाही."

पलीकडच्याने श्वास सोडला तो सगळ्यांनी ऐकला. "मला माहीत होतं गं. मी निघायच्या आधीच एकदा खिडकीत चमचा बघितला होता."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तेव्हा घरात बोलायला जागा होती का कुठे? एक बोललं की चार निघत होती." तो खोकला. "बाबा गेल्यावर मी माझ्या डबीवरून ती ओळ काढली. कोण चाखणार? मुलगा माझा खळीला हात लावत नाही. म्हणतो, चिकट आहे."

थोरल्याने पटकन कपाटातून पलीकडच्याची डबी काढून फिरवून पाहिली. दोन चमचे होते, 'जगात भारी' होतं. ओळ नव्हती. आठ महिने ही डबी या कपाटात होती. सगळ्यांनी झाकण बघितलं, चमचे मोजले. काय छापलेलं नाही, ते कोणी वाचलं नव्हतं.

"दुसऱ्याचं कुसळ," वकीलबाई स्वतःशीच पुटपुटल्या.

"तू चमचा सोडशील?" आत्याने विचारलं.

"तू सोडशील?"

"मी थकले रे."

"मीही थकलो ताई. साखर वाढलीय, झोप नाही." जरा थांबून तो म्हणाला, "आधी ती ओळ काढा. मग समोरासमोर बसू आणि चमच्याचं बघू. पण ओळ राहिली तर मी बारावं पान मागे घेणार नाही. बाबांची शपथ आहे त्या ओळीत. खोटी नको."

फोन बंद झाला. कोणी तो उचलला नाही, काच काळी होईपर्यंत सगळे बघत राहिले.

"काढायची," आत्या म्हणाली.

"काढू की," थोरला म्हणाला. "पुढच्या छपाईपासून. पण उद्या सकाळी साडेचारशे खोकी निघतायत. शाळा उघडायच्या आधीचा माल. सगळ्या डब्यांना लेबलं लागलेली आहेत. ते आता काही होत नाही."

"नवी लेबलं छापायला चार दिवस," धाकटा म्हणाला. त्याचाही आवाज बसला होता. "माल अडकला तर शाळा दुसऱ्याकडून घेतील. आणि दुसरा म्हणजे कोण? पलीकडचे काकाच."

"कायद्याने बघाल तर," वकीलबाई सावकाश म्हणाल्या, "आज खोटं आहे असं कळल्यावर उद्या तेच पाठवणं, हे सहा वर्षं न कळता पाठवण्याहून वाईट." त्यांनी कागद पिशवीत भरायला घेतले. "पण मी सल्ला देते. खोकी मी उचलत नाही."

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. घरातलं सगळ्यांत मोठं माणूस म्हणून तिच्याकडे बघायची सवय होती. आणि मुलांनो, मी तुमच्यापासून लपवणार नाही. त्या घटकेला आत्याला सगळ्यांत जास्त काय हवं होतं, तर खाली जाऊन आडवं व्हायचं. एक गोष्ट खरी सांगून झाली होती. एका दुपारला तेवढं पुरे, असं तिला वाटलं. साडेचारशे खोकी, प्रत्येकात दोन डझन डब्या. कोण काढणार?

"ही एक खेप जाऊ दे," ती म्हणाली.

थोरल्याने मान हलवली. धाकट्याने कप गोळा करायला घेतले. आईही थकली होती आणि तिचं लक्ष उद्याच्या डॉक्टरकडे लागलं होतं. "जाऊ दे, जाऊ दे," असं दोघातिघांच्या तोंडून आलं, जसं झोपलेल्या बाळाला थोपटताना येतं.

मुंगीने आईच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

ती जिना उतरून खाली गेली. लेबलं लावायच्या खोलीत खोकी छतापर्यंत रचलेली होती. तिने पिंप उघडून बादलीत पाणी घेतलं, उन्हाने तापलेल्या नळाचं कोमट पाणी त्यात मिसळलं, आणि बोट घालून बघितलं. मग हाताला लागलेलं पहिलं खोकं ओढून जमिनीवर घेतलं, पट्टी फाडली आणि एक डबी काढली.

लेबल घरच्याच खळीने लावलेलं होतं, आणि घरची खळ पाण्याला टिकत नाही. मुंगीने डबी बादलीत बुडवली आणि मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजले. मग अंगठ्याने कोपरा वर केला. कागद सुटला. आधी ओळ सुटली, मग चमचा. तिने तो ओला कागद बाजूला जमिनीवर ठेवला, डबी फ्रॉकला पुसली, उलटी करून नीट कोरडी झाली का ते पाहिलं, आणि खोक्यातून दुसरी काढली.

जिन्याच्या वरच्या पायरीवर कठडा धरून आत्या उभी होती. खाली यायला तिला पुष्कळ वेळ लागणार होता. मुंगीने वर पाहिलं नाही. तिने दुसरी डबी पाण्यात घातली आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली.